पावसाळी हवा आणि मोटारीचा रंग

पावसाळा लागला कीं हवेंतील ओलाव्याचा हिशेब आमच्या घरांतून आपोआप सुरू होतो. मिठाच्या बरणीला पाणी सुटतें, पापड सादळतात, कपाटाचीं दारें फुगून बसतात, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी धरते. ह्या सर्व गोष्टी गृहिणींच्या इतक्या परिचयाच्या आहेत कीं त्यांविषयीं आम्ही कांहीं लिहूं गेल्यास तो आगाऊपणा ठरेल. परंतु ह्याच ओलाव्याची आणखी एक करामत आहे. ती स्वयंपाकघरांत न दिसतां मोटार ठेवण्याच्या जागेंत दिसते. आणि फारशी परिचित नसल्यामुळें तिच्यापायीं पैसा, श्रम आणि कधीं कधीं माणसामाणसांतला विश्वासही फुकट जातो. जुन्या मोटारीस लॅकर जातीचा रंग देतांना तो पांढरा कां पडतो, हा ह्या महिन्याचा आमचा विषय आहे.

विषय सुचण्यास निमित्त झालें तें ठाण्याच्या एका वाचकांचें पत्र. त्यांच्या वडिलांची १९६६ सालची, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत बनलेली फियाट अद्याप घरांत असून चालू स्थितींत आहे. वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा समारंभ श्रावणांत व्हावयाचा आहे. त्या दिवशीं वडिलांना त्यांच्याच मोटारींतून कार्यस्थळीं न्यावें, आणि ती मोटार नव्यासारखी दिसावी, अशी मुलाची हौस. म्हणून ऐन आषाढांत रंगारी बोलाविला. रंगाऱ्यानें हवा पाहून "चार दिवस ऊन पडूं द्या, हवा जड आहे," असें सुचविलें होतें; परंतु तिथि ठरलेली, निमंत्रणें गेलेलीं, तेव्हां थांबण्यास सवड नव्हती. रंगाचा हात दिला त्या वेळीं काळाभोर दिसणारा पत्रा दहा मिनिटांत राख फांसल्यासारखा पांढुरका झाला. आतां पत्रलेखक विचारतात : रंग भेसळीचा असावा, कीं रंगारी अडाणी? त्याची उरलेली मजुरी अडकवून ठेवावी काय? आणि आतां ह्यावर उपाय कोणता?

ह्या प्रश्नांचीं उत्तरें देण्यापूर्वीं हा रंग वाळतो कसा, हें समजून घेतलें पाहिजे. न्याय आणि उपाय हे दोन्ही त्या एका गोष्टींतच सांठविलेले आहेत.

'लॅकर' हा शब्द कानाला परका वाटला, तरी त्याचें मूळ आपल्याच घरचें आहे. संस्कृतांतील लाक्षा, तीच पुढें लाख झाली, आणि पोर्तुगीजादि व्यापाऱ्यांच्या तोंडून युरोपांत जाऊन तिचें लॅकर झालें. पळस, बोर, कुसुम इत्यादि झाडांवर राहणाऱ्या किड्यांचा तो राळेसारखा स्राव. सावंतवाडीचीं लांकडी खेळणीं ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना लाखेची चकाकी निराळी वर्णन करून सांगावयास नको. परंतु मोटारीच्या लॅकरमध्यें ही लाख मुळींच नसते. नांव मात्र राहिलें आहे. तिच्या जागीं कापूस आला आहे! कापसाचा तंतु म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. त्यावर नत्राम्ल व गंधकाम्ल ह्यांच्या मिश्रणाची क्रिया केली म्हणजे नायट्रोसेल्युलोज नांवाचा पदार्थ तयार होतो. बाझल येथील रसायनशास्त्रज्ञ शेनबाइन ह्यानें १८४६ मध्यें तो तयार केला, आणि जगानें प्रथम त्याचा उपयोग बंदुकीच्या दारूऐवजीं केला. नत्राचें प्रमाण कांहींसें कमी ठेवलेला ह्याचाच एक प्रकार विशिष्ट द्रावकांत विरघळतो, आणि द्रावक उडून गेलें म्हणजे मागें पातळ, चिवट व पारदर्शक असा पापुद्रा राहतो. तोच लॅकरचा पाया होय.

अमेरिकेंतील ड्यूपाँट कंपनीनें ह्या पदार्थापासून मोटारीसाठीं 'ड्यूको' नांवाचा रंग सिद्ध केला. १९२४ च्या नमुन्याच्या ऑकलंड मोटारींवर जनरल मोटर्सनें तो निळ्या छटेंत प्रथम आणला. त्यापूर्वीं घोडागाडीच्या काळापासून चालत आलेले रंग आणि व्हार्निशें ह्यांचे थरावर थर देऊन ते वाळविण्यांत आठवडेच्या आठवडे जात. फोर्डसाहेबांच्या टी नमुन्याच्या मोटारी १९१४ पासून १९२५ पर्यंत केवळ काळ्या रंगांतच निघत. ड्यूको तासांच्या हिशेबानें वाळूं लागला, आणि रस्त्यांवर निळ्या, हिरव्या, तांबड्या मोटारी दिसूं लागल्या. त्याच जनरल मोटर्सनें १९२८ मध्यें मुंबईंत शिवडी येथें मोटारजोडणीचा कारखाना काढला होता. 'ड्यूको' हें नांव तर आमच्याकडील कारागिरांच्या जिभेवर असें बसलें आहे कीं फवाऱ्यानें मारलेला कोणताही चकचकीत रंग, मग तो लांकडी कपाटावर कां असेना, त्यांच्या लेखीं ड्यूकोच होय!

आतां वाळण्याची गोष्ट. जवसाच्या तेलांत खललेला जुन्या पद्धतीचा तेलरंग वाळतो, तेव्हां तें तेल हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावून घट्ट होतें. तेथें पदार्थच बदलतो. लॅकरचें तसें नाहीं. त्यांत कोणताही रासायनिक फेरफार होत नाहीं. द्रावक उडून जातें, आणि विरघळलेला पदार्थ मागें राहतो, एवढेंच. म्हणूनच लॅकर चाळीस वर्षांचें जुनें झालें तरी त्याच द्रावकानें पुन्हां विरघळतें. मोटारीवरील रंग कोणत्या जातीचा आहे हें ओळखण्याची खूणही हीच. मोटारीच्या एखाद्या झांकलेल्या कोपऱ्यावर लॅकरच्या थिनरांत भिजविलेली चिंधी हलकेच घासावी. चिंधीवर रंग उतरला तर तें लॅकर. पापुद्रा न विरघळतां नुसता सुरकुतला किंवा तसाच राहिला तर तो दुसऱ्या जातीचा रंग. ह्या एका गुणधर्मामुळें लॅकरची दुरुस्ती सोपी होते, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. त्याचा उपयोग आम्हांस पुढें होणार आहे.

द्रव पदार्थ उडून जातो तेव्हां तो आपल्याबरोबर उष्णता घेऊन जातो. मडक्यांतील पाणी गार कां होतें, किंवा सुई टोंचण्यापूर्वीं डॉक्टर दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवितात तेव्हां तेवढी जागा गार कां लागते, ह्याचें उत्तर हेंच. लॅकरच्या थिनरांत असलेलीं कांहीं द्रावकें तर स्पिरिटापेक्षांही चपळ असतात. अॅसिटोन ५६ अंश सेल्सिअसलाच उकळतें; इथिल अॅसिटेट ७७ अंशांना. अशीं द्रावकें पत्र्यावरून भराभर उडूं लागलीं कीं रंगाचा पृष्ठभाग भोंवतालच्या हवेपेक्षां कांहीं अंशांनीं थंड होतो. शिवाय फवाऱ्याच्या तोंडांतून दाबलेली हवा सुटून पसरते, तेव्हां तीही थंड होते. म्हणजे पत्र्यावर दुहेरी गारवा येतो.

बर्फाच्या पाण्याचा तांब्या पाटावर ठेवला कीं त्याला बाहेरून घाम फुटतो. तें पाणी तांब्यांतून झिरपलेलें नसतें. हवेंतील वाफ थंड धातूवर जमते. ज्या उष्णतामानास हवेंतील वाफ अशी जमूं लागते, त्यास दवबिंदु म्हणतात. आतां एक हिशेब पाहावा. जानेवारींतील मुंबईची दुपार घेऊं : उष्णता ३० अंश आणि आर्द्रता ४० टक्के. अशा हवेचा दवबिंदु सुमारें १५ अंशांवर असतो. पत्रा पांचसात अंशांनीं थंड झाला तरी दंव पडण्यास पुष्कळ अवकाश आहे. जुलईंतील दुपार घेऊं : उष्णता तीच ३० अंश, पण आर्द्रता ८५ टक्के. आतां दवबिंदु २७ अंशांच्या वर आहे! म्हणजे पत्रा अवघा तीन अंशांनीं निवला कीं त्यावर दंव पडलेंच. उष्णतामापकाचा पारा दोन्ही दिवशीं एकाच रेघेवर असतो. आणि म्हणूनच नुसतें 'आज बरेंच गरम आहे' एवढ्यावर भरंवसा ठेवणारा मनुष्य फसतो. जुलईंतील त्या हवेच्या प्रत्येक घनमीटरांत सुमारें २६ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपानें तरंगत असतें. जानेवारींत त्याच्या निम्म्याहूनही कमी. तीन मीटर रुंद, सहा मीटर लांब व तीन मीटर उंच अशा एका लहानशा मोटारखान्यांत जुलई महिन्यांत जवळजवळ दीड लिटर पाणी अदृश्यपणें भरलेलें असतें, असें म्हटलें तर वाचकांस नवल वाटेल. पण तें खरें आहे.

हें दंव ओल्या लॅकरवर उतरलें म्हणजे काय होतें? नायट्रोसेल्युलोज पाण्यांत विरघळत नाहीं. दुधांत लिंबू पिळलें असतां जसा दह्यासारखा साका बाजूला होतो, त्याप्रमाणें पाण्याच्या सूक्ष्म थेंबांमुळें द्रावकांतील नायट्रोसेल्युलोज ठिकठिकाणीं फुटून निराळें होतें. मग पापुद्रा एकसंध न बनतां त्यांत असंख्य बारीक पोकळ्या राहतात. स्वच्छ खडीसाखर कुटली कीं तिची पूड पांढरी दिसते, फेंसाचें पाणी पांढरें दिसतें, तसेंच हें. रंगांत पांढरें कांहीं मिसळलेलें नसतें, प्रकाश मात्र त्या पोकळ्यांवर आपटून विखुरतो. काळ्या किंवा गडद मोटारीवर तें ठळक दिसतें, फिक्या मोटारीवर केवळ निस्तेजपणा भासतो. पण दोष दोन्हीकडे सारखाच. कारागीर ह्यास 'ब्लशिंग' म्हणतात. इंग्रजींत ह्या शब्दाचा अर्थ लाजेनें लाल होणें, आणि येथें तर रंग पांढराफटक पडतो. पण तो वाद आम्ही भाषापंडितांवर सोंपवितों. हा दोष केवळ डोळ्यांना खुपणारा नाहीं. असा पापुद्रा ठिसूळ असतो, खालच्या थरास नीट धरत नाहीं, आणि त्यावर दुसरा हात दिला तरी व्यंग आंत झांकून राहतें.

घरांतल्या मंडळींना ह्याच दोषाचें दुसरें उदाहरण ठाऊक आहे. लाखेचें पॉलिश केलेल्या टेबलावर गरम चहाचा पेला ठेवला असतां पांढरें वर्तुळ उमटतें. आणि भर पावसांत सुताराकडून पॉलिश करून घेतलें तर कपाटावर धुकें पडल्यासारखें दिसतें. तेथेंही अपराधी ओलावाच.

परंतु ओलावा हा सर्वच लॅकरांचा वैरी आहे, असें मात्र कोणी समजूं नये. जपानांत उरुशी नांवाच्या झाडाच्या चिकापासून जें प्रसिद्ध लॅकर करतात, त्यास वाळण्यासाठीं दमट हवाच लागते. त्या चिकांतील एक किण्व ओलसर हवेंतील प्राणवायूच्या साहाय्यानें त्यास घट्ट करतें. म्हणून तेथील कारागीर रंगविलेलीं भांडीं मुद्दाम सत्तर-ऐंशी टक्के आर्द्रतेच्या कपाटांत ठेवतात. ज्या हवेंत आमच्या मोटारीचा रंग बिघडतो, तींत त्यांचा रंग पक्का होतो. हवा बिचारी निर्दोष आहे. कोणत्या पदार्थास कोणती हवा मानवते, हें जाणणें आपलें काम.

आतां उपायांकडे वळूं. पहिला उपाय ऋतूचा. मुंबई-कोंकणांत मार्गशीर्ष ते माघ, आणि देशावर कार्तिकापासून पुढें, हा ह्या कामास सर्वांत चांगला काळ. ज्यांना पावसाळ्यांतच काम करणें प्राप्त असेल, त्यांनीं निदान वेळ तरी पाहावी. पहाटे पत्रा रात्रभर निवालेला असतो. मोटारखान्याचें दार उघडून बाहेरची दमट हवा आंत आली कीं त्यावर दंव धरतें. म्हणून सकाळच्या शांत वेळेचा मोह टाळून, उघडीप मिळाल्यास दुपारीं बारा ते तीनच्या दरम्यान काम करावें. रंगाच्या कामांतले जाणते लोक पत्र्याचें उष्णतामान दवबिंदूपेक्षां निदान तीन अंशांनीं अधिक असावें असा दंडक मानतात. लॅकर स्वतःच पत्रा निववितें, तेव्हां त्याच्यासाठीं हें अंतर त्याहून मोठें हवें. मात्र मोटार उन्हांत तापवून तापल्या पत्र्यावर रंग मारणें हा दुसऱ्या टोंकाचा अविचार होय. तेथें वरचा पापुद्रा आधीं धरतो, आंतील द्रावक उकळून बाहेर पडतें, आणि रंगावर टांचणीच्या टोंकाएवढीं छिद्रें राहतात.

दुसरा उपाय जागेचा. धूळ उडूं नये म्हणून जमिनीवर पाणी शिंपडण्याची कारागिरांची जुनी चाल आहे. कोरड्या ऋतूंत ती योग्य. पावसाळ्यांत ती सोडून द्यावी. पाणीकागदानें पत्रा घासला असेल तर दारांच्या फटी, खिडक्यांच्या रबरी पट्ट्या, दिव्यांच्या खोबणी ह्यांत पाणी दडून राहतें. आणि अस्तराचा व लांबीचा थर तर पाणी शोषून घेतो. तें पुरतें वाळल्याशिवाय पुढचा हात देऊं नये. खोलीची हवा चार अंशांनीं ऊब देऊन ३० वरून ३४ वर नेली, तर पाण्याचा अंश तेवढाच राहून आर्द्रता ८५ वरून ६८ टक्क्यांवर येते, आणि दवबिंदूपासूनचें अंतर दुपटीहून अधिक होतें. परंतु ही ऊब रॉकेलच्या स्टोव्हनें किंवा गॅसच्या शेगडीनें आणूं नये. त्यांच्या ज्वलनांतून नवें पाणीच तयार होतें, आणि आगीचें भय तर निराळेंच. विजेच्या उपकरणानें खोली आधीं उबवून किंवा वातानुकूलन यंत्रानें हवा आधीं कोरडी करून, फवारा हातीं घेण्यापूर्वीं तीं यंत्रें बंद करावीं.

तिसरा उपाय थिनरचा, आणि हाच सर्वांत महत्त्वाचा. बाजारांत मिळणाऱ्या स्वस्त थिनरांत चपळ द्रावकांचा भरणा असतो. दमट हवेस मंद थिनर पाहिजे. ब्यूटिल अॅसिटेट १२६ अंशांना उकळतें. आणि 'रिटार्डर' म्हणून जें मिसळतात त्यांपैकीं ब्यूटिल सेलोसॉल्व्ह १७१ अंशांना. ह्यांचा उपयोग दुहेरी आहे. एक तर तीं सावकाश उडत असल्यामुळें पत्रा फारसा निवत नाहीं. दुसरें असें कीं पाण्याचे कण आधीं उडून जातात, आणि खरें द्रावक शेवटपर्यंत मागें राहून नायट्रोसेल्युलोजला विरघळलेल्या स्थितींत ठेवतें; म्हणून पापुद्रा स्वच्छ बनतो. रिटार्डर थिनरच्या पांच ते दहा टक्क्यांपर्यंत पुरे. अधिक घातल्यास रंग ओघळतो व पुष्कळ दिवस मऊ राहतो. औषधाची मात्रा वाढविली म्हणजे गुण वाढतोच असें नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

चौथा उपाय हवेच्या पंपाचा. पंपांत दमट हवा दाबली जाते, टांकींत ती निवते, आणि तिच्यांतील पाणी टांकीच्या तळाशीं सांचतें. ती टांकी पावसाळ्यांत दिवसांतून दोनचार वेळां तरी तोटी उघडून रिकामी करावी. नळीवर पाणी अडविणारी गाळणी बसवावी. आणि ती गाळणी पंपाला लागूनच न बसवितां, हवा निवण्याइतक्या अंतरावर बसवावी. थर पातळ द्यावे, दोन थरांमध्यें पुरेसा वेळ जाऊं द्यावा. एकदम जाड थर दिला कीं द्रावक पुष्कळ, म्हणून गारवाही पुष्कळ.

इतकें करूनही रंग पांढरा पडलाच तर घाबरून जाऊन लगेच तो खरवडूं नये. येथें वर सांगितलेला लॅकरचा तो गुणधर्म कामास येतो. थर पुरता वाळूं द्यावा. हवा कोरडी झाली कीं पुष्कळदा हलका पांढुरकेपणा आपोआप कमी होतो. न झाल्यास, उघडीप पाहून, रिटार्डर मिसळलेल्या नुसत्या थिनरचा अगदीं विरळ फवारा त्यावर सोडावा. वरचा पापुद्रा पुन्हां विरघळतो, अडकलेल्या पोकळ्या मिटतात, आणि मूळ रंग परत येतो. दोष वरवरचा असेल तर थर पुरता घट्ट झाल्यावर घासून व पॉलिश करूनही तो निघतो. फारच खोल गेला असेल तर मात्र पाणीकागदानें घासून, वाळवून, पुन्हां रंगविण्यावांचून गत्यंतर नाहीं.

ह्यापुढचा भाग रंगापेक्षां अधिक महत्त्वाचा आहे, म्हणून तो वाचकांनीं डावलूं नये. पांडवांसाठीं कौरवांनीं लाक्षागृह बांधविलें तें लाख भडकन् पेटते म्हणून. नायट्रोसेल्युलोज हें त्या बाबतींत लाखेच्याही पुढें गेलेलें आहे. जुन्या चित्रपटांच्या फिती ह्याच पदार्थाच्या असत. जानेवारी २००३ मध्यें पुण्यांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अशा फितींच्या कोठीला आग लागली, आणि आमच्या बोलपटांच्या बाल्यकालाचा मोठा ठेवा नष्ट झाला. फवाऱ्याची जमिनीवर सांचलेली कोरडी भुकटी, रंगाच्या चिंध्या, थिनरचीं उघडीं भांडीं ह्यांस ठिणगीचेंही निमित्त पुरतें. विडी-सिगारेट, विजेचें ठिणगी टाकणारें बटण, शेजारच्या खोलींतील शेगडी, फार काय देवघरांतील समई, ह्यांचा विचार आधींच करावा. चिंध्या झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवून रोजच्या रोज घराबाहेर न्याव्या.

पावसाळ्यांत ह्या भयाला आणखी एक जोड मिळते. ओल आंत येऊं नये म्हणून मालक मोटारखान्याचीं दारें बंद करवितो, आणि रंगारी त्या कोंडलेल्या वाफेंत तास न् तास उभा राहतो. थिनरांतील टोल्युईनसारख्या द्रव्यांनीं आधीं डोकें जड होतें, मग भोंवळ येते; आणि हें वर्षानुवर्षें चालल्यास मेंदू व मज्जातंतु ह्यांना कायमची इजा होते. तोंडाला बांधलेला रुमाल रंगाचे कण थोडेफार अडवील, वाफ अडविणार नाहीं. त्यास कोळशाची गाळणी असलेला मुखवटाच लागतो, आणि तो देणें हें काम करविणाऱ्यानें आपलें कर्तव्य समजावें. दोन द्रव्यें मिसळून लावण्याचे जे नवे रंग आहेत, ते हवेंत असे पांढरे पडत नाहींत, म्हणून पुष्कळ दुकानदार त्यांची शिफारस करतात. पण त्यांतील आयसोसायनेट नांवाचें द्रव्य श्वासावाटे गेल्यास दमा जडूं शकतो. घराच्या अंगणांत तर ते मारूंच नयेत. थिनरच्या ह्या वाफा हवेसही अपायकारक असल्यानें युरोपीय संघानें २००४ मध्यें कायदा करून अशा रंगांतील द्रावकांचें प्रमाण बांधून टाकलें. मात्र ऐतिहासिक वाहनांच्या दुरुस्तीसाठीं थोडा रंग परवान्यानें विकण्याची सोय त्यांत ठेविली आहे. आमच्या सरकारनेंही २०२१ च्या नियमांनीं पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या मोटारींना निराळी नोंदणी देण्याची व्यवस्था केली. अर्थात् जुनी वस्तु तिच्या मूळच्या वेषांत राखणें ह्यास आतां कायद्याचीही संमति आहे.

तेव्हां ठाण्याच्या पत्रलेखकांस आमचें उत्तर असें : रंगांत भेसळ असल्याचा कांहीं पुरावा आम्हांस दिसत नाहीं. रंगारी अडाणी तर नव्हेच. त्यानें दवबिंदु हा शब्द ऐकला नसेल, पण 'हवा जड आहे' असें जें तो म्हणाला, त्यांत वर दिलेला सारा हिशेब सामावलेला होता. त्याचें ऐकलें गेलें नाहीं, ह्याचा दंड त्याच्या मजुरींतून वसूल करणें न्यायाचें नव्हे. शास्त्र शिकलेल्या मालकानें अनुभवानें शिकलेल्या कारागिराचा शब्द डावलला, म्हणजे शास्त्राचाच अपमान झाला. त्याची मजुरी पुरती द्यावी, आणि पुढच्या कामासही त्यालाच बोलवावें.

समारंभाची तिथि टळणार नाहीं, आणि श्रावणांत ऊन-पावसाचा खेळ चालतो. चांगली उघडीप मिळाल्यास रिटार्डरचा फवारा देऊन पाहावा. रंग उघडला तर उत्तमच. न उघडला तर मोटार आहे तशीच स्वच्छ पुसून न्यावी. ऐंशीहून अधिक वर्षांचे वडील स्वतःच्या मोटारींतून उतरतील तेव्हां मंडळींची दृष्टि त्यांच्या चेहऱ्यावर असेल, पत्र्यावर नसेल. उरलेलें काम मार्गशीर्षांत निवांतपणें करावें.

शेवटीं एक सोपें साधन सांगतों. बाजारांतून सारखे दोन उष्णतामापक आणावे. एकाच्या फुग्यास मलमलीची ओली चिंधी गुंडाळावी, दुसरा कोरडा ठेवावा, आणि दोन्हींवर पंख्याचा वारा येऊं द्यावा. ओल्याचा पारा खालीं उतरेल. वर दिलेल्या जुलईच्या दुपारीं दोहोंत अवघा दोन अंशांच्या आसपास फरक पडेल. जानेवारीच्या दुपारीं दहा अंशांपर्यंत. फरक तीनचार अंशांच्या आंत असेल त्या दिवशीं रंगाचा डबा उघडूंच नये. हें साधन पॉलिशवाल्यास, पापड वाळविणाऱ्या गृहिणीस आणि शाळेंत विज्ञान शिकणाऱ्या मुलांसही सारखेंच उपयोगी पडेल. ज्यांनीं तें करून पाहिलें असेल, त्यांनीं आपआपल्या गांवचे आंकडे आम्हांस अवश्य कळवावे.